शिट्टी

नाल्याचं पाणी अचानक कमी झालं, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ड्रायव्हरच्या आलं.

2023चा अधिक श्रावण होता. अधिकात बद्रीनाथ घडावं ही आईची फार वर्षांची इच्छा, म्हणून नागपूरहून आम्ही बावीस जण निघालो होतो. आईसोबत मोवाडची माझी मावशीही होती. निघायच्या दोन आठवडे आधी, 19 जुलैच्या रात्री, रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. घरात जो तो म्हणत होता, या दिवसांत पहाडात जाऊ नका. आईनं कुणाचं ऐकलं नाही. मावशी काहीच बोलली नाही. तिनं बॅगेत एक टॉर्च आणि जास्तीचा टॉवेल तेवढा टाकला.

पीपलकोटी सोडल्यावर टंगणीच्या आसपास एक पागलनाला आहे. दर पावसाळ्यात तो रस्त्यावर मलबा आणून टाकतो आणि बद्रीनाथची वाट अडते, म्हणून त्याचं नावच तसं पडलंय. आम्ही मात्र त्याच्याही अलीकडे थांबलो होतो, एका अशा नाल्यापाशी ज्याचं नाव ड्रायव्हरलाही ठाऊक नव्हतं. तिकडे अशा डोंगरी नाल्याला गदेरा म्हणतात. रपट्यावरून, म्हणजे नाला ओलांडायच्या ठेंगण्या फरशीवरून, गढूळ पाणी वाहत होतं, घोट्याला लागेल एवढंच. पुढे चार गाड्या, मागे सात-आठ. पलीकडूनही रांग लागलेली. लोक खाली उतरून फोटो काढत होते. कुणीतरी भाजलेली कणसं आणली होती.

तेवढ्यात आमच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि पुढच्या गाडीवाल्यालाही हात करून बंद करायला लावलं. पाऊस भुरभुरत असताना नाल्याचं पाणी वाढायला हवं होतं; ते पातळ होऊन दगडांच्या फटींत शिरत चाललं होतं. वर कुठंतरी त्याची वाट अडली होती. ड्रायव्हरनं मान वर करून एकदा गदेऱ्याकडे पाहिलं आणि आमच्याकडे वळून जोरात म्हणाला, "पीछे। सब लोग पीछे। ऊपर की तरफ चढ़ो, नीचे नहीं।"

आम्ही रस्त्याच्या वरच्या अंगाला, नाल्यापासून बाजूला, एका शेताच्या बांधावर चढलो. मावशी गाडीतून उतरायला तयारच नव्हती. मी आणि आईनं तिला जवळजवळ उचलूनच आणली.

आधी वास आला. ओल्या मातीचा, आणि त्यात दगडावर दगड घासल्यावर येतो तसा जळका, फटाक्यांसारखा वास. मग पायाखालची जमीन थरथरू लागली. मालगाडी जाताना रुळाशेजारच्या घरात भांडी जशी हलतात, तशा आमच्या गाडीच्या काचा वाजत होत्या. आवाज कानाला लागण्याआधी छातीत लागला. आणि मग वळणावरून तो आला.

त्याला काय म्हणावं, हे मला आजही सुचत नाही. पूर म्हणावं, तर पुढच्या तोंडाला पाणी नव्हतंच. होती ती दगडांची एक भिंत, दीड माणूस उंच, आणि ती चालत येत होती. ऑटोएवढे धोंडे तिच्या माथ्यावर होते आणि एकमेकांवर आपटत पुढे लोळत होते. मागून राखाडी, दाट, स्लॅबच्या मालासारखा चिखल त्यांना रेटत होता. एक चीडाचं, म्हणजे पहाडी पाइनचं, झाड मुळांसकट उभंच्या उभं येताना दिसलं. ते क्षणभर डुललं आणि मग आडवं होऊन चिखलात दिसेनासं झालं. सगळा लोंढा मध्ये फुगलेला आणि कडांना उतरता होता. पाणी असं कधी मध्ये फुगत नाही, ते आपली पातळी धरतं.

रपटा त्यानं किती वेळात गिळला, सांगता येणार नाही. आम्ही पाहत होतो, पण आमच्यापैकी कुणाचाही हात फोनकडे गेला नाही.

मग जोर ओसरला. मागून नुसता पातळ तपकिरी चिखल येत राहिला. लोकांनी सुस्कारे सोडले. पलीकडच्या रांगेतला एक मोटरसायकलवाला पुढे आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, गाडी स्टँडला लावली आणि पायानं अंदाज घेत दगडांवरून उतरू लागला. बहुधा वाट कुठून काढता येईल हे बघत असावा. आमचा ड्रायव्हर बांधाच्या टोकावर धावला. दोन बोटं तोंडात घातली आणि त्यानं शिट्टी मारली.

मी आयुष्यात तशी शिट्टी ऐकली नाही. त्या घरघरीतून ती सरळ आरपार गेली. मोटरसायकलवाल्यानं वर पाहिलं. ड्रायव्हर दोन्ही हातांनी मागे मागे असं करत राहिला, आणि पुन्हा शिट्टी, पुन्हा शिट्टी. आमच्याकडच्या आणखी तिघा-चौघांनीही सुरू केलं. तो माणूस वळला आणि चार-पाच ढेंगांत वर चढला. त्याची गाडी उभी होती तिथून दुसरा लोंढा गेला. पहिल्यापेक्षा मोठा.

मावशी या सगळ्या वेळात पाठ करून बसली होती. पदर कानावरून गच्च ओढलेला. दुसरा लोंढा गेल्यावर तिनं विचारलं, "आवाज थांबला का वं?"

"थांबला."

"पाह्यत नोको राहू. मांगं ये."

असे लोंढे एकटे येत नाहीत, हे मी नंतर वाचलं. वर कुठंतरी मलबा अडतो, त्याच्यामागे चिखल साचतो, अडसर फुटतो, आणि हे पुन्हा पुन्हा होत राहतं. दोन लाटांमधली ती शांतता फार वाईट. तिच्यात माणसं आपलं सामान आणायला परत जातात.

नागपूरला परत आल्यावर कित्येक दिवस मला तो ऑटोएवढा धोंडा दिसायचा. तो तरंगत कसा होता? मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, पण हा प्रश्न सोडवेना. शेवटी उत्तर मिळालं ते असं. पाण्याचं एक घनमीटर म्हणजे 1,000 किलो. त्यात माती, वाळू, खडी मिसळत गेली की तेच घनमीटर 2,000 किलोच्या आसपास जातं. ग्रॅनाइटसारखा दगड 2,600 ते 2,700 किलोचा. म्हणजे साध्या पाण्यात तो आपल्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भार गमावतो, पण या रबडीत त्याचा तीन चतुर्थांश भार गळून पडतो. जो दगड क्रेननं हलत नाही, त्याला तिथं नुसता धक्का पुरतो.

आणि मोठे दगडच वर आणि पुढे का येतात? चिवड्याचा डबा दोन-चारदा हलवून पाहा. चुरा तळाशी जातो, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर येतात. लोंढ्यातही तेच होतं. बारीक माल फटींतून खाली झिरपतो, धोंडे वर सरकतात, आणि वरचा थर तळापेक्षा वेगानं पळत असल्यामुळे ते थेट तोंडाशी जाऊन पोचतात. दगडांची ती चालती भिंत अशी बनते. तिच्यामागचा चिखल ओलाच राहतो, कारण बारीक मातीच्या कणांतून पाणी सहजी निसटत नाही. कणांच्या मधे अडकलेलं ते पाणीच वरचा भार पेलतं, कण एकमेकांना धरेनासे होतात आणि अख्खा डोंगरउतार पातळ होऊन वाहू लागतो. उतार संपला, पाणी निचरलं, की सगळं जागच्या जागी थिजतं. कालांतरानं त्यावर कुदळही धड लागत नाही.

हे समजल्यावर मला आपल्या भाषेचीच थोडी काळजी वाटू लागली. आपण म्हणतो पूर आला, दरड कोसळली. दरड एकदा पडते आणि पडल्या जागी राहते, असं आपल्याला वाटतं. पूर हळूहळू चढतो, माळ्यावर सामान टाकायला वेळ देतो. जे दगडांसकट धावत येतं, त्याला घरातलं नावच नाही. आणि नाव नसलं की माणूस ओळखीच्या गोष्टीसारखा वागतो, म्हणजे पुरात वागतो तसा. काठावर उभा राहून बघतो. नाहीतर नाल्याच्या दिशेनंच खाली पळत सुटतो, जिथं त्याच्यापेक्षा लोंढा वेगानं येतो. ड्रायव्हरनं आम्हाला बाजूला आणि वर नेलं. त्याला कुणी हे शिकवलं असेल असं वाटत नाही. त्याच्या बापानं सांगितलं असेल.

ज्या रस्त्यानं आम्ही गेलो, त्यावर चमोली सोडल्यावर बिरही नावाचं गाव लागतं. तिथं बिरही गंगा अलकनंदेला मिळते. जाताना आम्ही तिथं चहा प्यायलो होतो आणि काही ठाऊक नसताना पुढे गेलो होतो. 1893च्या सप्टेंबरमध्ये या बिरहीच्या खोऱ्यात, गोहना गावापाशी, डोंगराचा एक भाग नदीत कोसळला आणि शेकडो फूट उंचीचा बांध आपोआप तयार झाला. मागे तलाव भरू लागला. हा बांध कधीतरी पाण्याखाली जाणार आणि फुटणार, हे तिथल्या इंग्रज अभियंत्यांनी ओळखलं. पुढच्या ऑगस्टमध्ये पाणी माथ्यावर येईल, असा त्यांनी हिशेब मांडला. गोहन्याला माणूस बसवला आणि तिथून थेट खाली हरिद्वारपर्यंत तारेची लाइन टाकली. काम एकच, पाणी कुठवर आलं ते कळवत राहायचं. खालच्या वस्त्या रिकाम्या केल्या.

1894च्या ऑगस्टमध्ये, 25 तारखेच्या रात्री तो बांध फुटला. खालचं श्रीनगर शहर वाहून गेलं. ते गढवालच्या राजांचं जुनं शहर, जवळजवळ पुसलं गेलं. आणि माणसं दगावली पाच. एक फकीर आणि त्याचं कुटुंब. त्यांनाही हलवलं होतं, पण ती परत गेली.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचते. पुढचा भाग मात्र वाचवत नाही. फुटल्यानंतरही गोहन्याला तलावाचा काही भाग उरला होता. पंचाहत्तरेक वर्षं तो तसाच पडून राहिला. 1970च्या 20 जुलैला अलकनंदेच्या खोऱ्यात प्रचंड पाऊस झाला आणि उरलेला तलाव मलब्यानं भरला. त्या पुरात रस्त्याकडेची बेलाकुचीची वस्ती गेली, यात्रेकरूंच्या गाड्या गेल्या. त्यानंतर गढवालच्या लोकांनी वरच्या जंगलतोडीकडे बोट दाखवायला सुरुवात केली, आणि पुढे चिपको आंदोलन उभं राहिलं ते याच खोऱ्यात.

नागपूरच्या माणसाला हे सगळं लांबचं वाटतं. आपल्याकडे कुठे आलेत पहाड? सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती आपली उंची. मीही असंच म्हणत आले होते, मोवाडच्या मावशीची भाची असूनही.

मोवाड आपल्याच जिल्ह्यातलं, नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. भोवती संत्र्याच्या बागा. 30 जुलै 1991 रोजी वर्धेचा पूर या गावात शिरला आणि 204 माणसं गेली. मावशी शेजारच्या दुमजली घराच्या गच्चीवर होती, एवढंच मला ठाऊक. त्या दिवसाबद्दल तिच्याकडून मी दोन वाक्यांहून जास्त कधी ऐकलं नाही. पावसाळ्यात ती रात्री दाराची कडी लावत नाही. आम्ही लहानपणी हसायचो त्यावर. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

30 जुलै. याच तारखेला 2014 साली आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. 151 माणसं. याच तारखेला 2024 साली, मध्यरात्र उलटल्यावर, वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला इथं चिखल-दगडांचा लोंढा घरांवरून गेला. तारखांचा हा नुसता योगायोग आहे, आपल्याकडे जुलैअखेरीस जमीन भिजून तुडुंब झालेली असते, एवढाच त्याचा अर्थ. पण माळीणची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गाव नाहीसं झालं हे जगाला प्रथम कळवलं ते एसटीच्या ड्रायव्हरनं. तो रोजच्यासारखी गाडी घेऊन आला आणि गाव जागेवर नव्हतं. म्हणजे खबर देणारा होता, पण तो नंतर आला. रस्त्यावरचा माणूस. वर, डोंगराकडे बघणारं कुणी नव्हतं.

बद्रीनाथहून परतल्यावर दीडेक महिन्यानं, 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे, नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव भरून वाहू लागला. नागनदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्याही. आदल्या दिवशीच महालक्ष्म्यांचं पूजन झालं होतं, सोळा भाज्यांचं जेवण झालं होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं. आम्ही सगळे मेल्यासारखे झोपलो होतो.

मला जाग आली ती शिट्टीनं. आमच्या गल्लीचा चौकीदार बालाघाटकडचा. रोज रात्री तो दंडुका आपटत आणि शिट्टी वाजवत फिरतो, आणि रोज रात्री आम्ही ती ऐकूनही ऐकत नाही. त्या रात्री ती थांबेचना. तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहून एकेक फाटक बडवत होता आणि शिट्टी फुंकत होता. मी पलंगावरून पाय खाली सोडला तो थेट थंड पाण्यात.

आई आणि मावशीला आधी वर नेलं. मावशी महालक्ष्म्यांसाठी मुक्कामाला आली होती. अंधारात सिलिंडर दाराला धडका देत होता. टॉर्च मारला तेव्हा बैठकीत ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या होत्या, पैठण्यांच्या निऱ्या पाण्यात पसरलेल्या, समोरची नैवेद्याची ताटं तरंगत कोपऱ्यात गेलेली. वर टांगलेला फुलोरा, करंज्या, पापड्या, सगळं कोरडं, जसंच्या तसं. टॉर्च मावशीचा होता. तोच, बद्रीनाथला नेलेला.

आमच्या घरात आलेलं ते पाणी होतं. काळा गाळ होता, पण गोटे नव्हते. ज्यांनी लोंढा पाहिला आहे त्यांना या दोन्हींतला फरक सांगावा लागत नाही, आणि मी त्यांची बरोबरी करणार नाही. पण शहरात त्या पुरानं माणसं गेली. आमच्या गल्लीतलं कुणी गेलं नाही, याचं कारण एक माणूस जागा होता आणि त्याच्या गळ्यात शिट्टी होती.

स्वित्झर्लंडमध्ये इलग्राबेन नावाची एक घळ आहे. तिच्यातून दरवर्षी असे लोंढे येतात. तिथले शास्त्रज्ञ 2000 सालापासून त्यांची मोजणी करतात. नाल्याच्या पात्रात जमिनीची थरथर टिपणारी उपकरणं बसवली आहेत. वर जमीन हादरली की खाली दिवे लागतात, भोंगा वाजतो, आणि पात्र ओलांडणारा माणूस बाजूला होतो. आमच्या ड्रायव्हरनं तळपायांनी जे ओळखलं, तेच ती यंत्रं ओळखतात. मिळणारा वेळ काही मिनिटांचाच, पण बाजूला व्हायला तेवढा पुरतो. दरडींचा अभ्यास करणाऱ्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. तिथून जाताना आता दर वेळी मला वाटतं, आपल्याकडे नकाशे होतात, तज्ज्ञ आहेत, मग प्रत्येक धोक्याच्या नाल्याला एक भोंगा का असू नये? गोहन्याला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तार टाकता आली होती.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025च्या 5 ऑगस्टला, उत्तरकाशीतलं धराली गेलं. भर दुपारी. खीरगंगेचा नाला वरून आला आणि हॉटेलं, घरं, सफरचंदाच्या बागा त्याच्याखाली गेल्या. हे गाव वसलं होतं ती सपाट जागाच खीरगंगेनं पूर्वी आणून टाकलेल्या मलब्याची. पहाडात सपाट जागा दुसरी देतं तरी कोण? तिथलं कल्पकेदाराचं जुनं देऊळ आधीच जमिनीत अर्धं गाडलेलं होतं, दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावं लागे. या वेळी तेही पुरतं गाडलं गेलं.

तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. नदीच्या पलीकडच्या उतारावरून, मुखबा गावातून काढलेला. मी तो आवाज बंद करून पाहिला, मग आवाज लावून. आणि हातातला फोन खाली ठेवला. मुखब्याचे लोक ओरडत होते आणि शिट्ट्या मारत होते. एकामागून एक, जीव तोडून. खाली रस्त्यावर मुंगीएवढी माणसं पळताना दिसत होती, आणि पळत होती ती लोंढ्याच्याच पुढे.

त्या संध्याकाळी मावशीचा मोवाडहून फोन आला. तिच्या नातवानं तिला तो व्हिडिओ दाखवला होता. या वेळी तिनं पाठ केली नव्हती, पूर्ण पाहिला होता.

"त्या शिट्ट्या कोन मारत होतं वं?"

"समोरच्या गावातले लोक, मावशी. त्यांना वरून लोंढा येताना दिसत होता ना, म्हणून खालच्यांना सांगत होते."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मागे टीव्ही चालू होता, कुणीतरी तो बारीक केला.

"आमच्या घरी कोनी आवाज देल्ला नव्हता," ती म्हणाली. मग जरा थांबून, "त्यायले ऐकू गेल्या का पन त्या?"